खोट्या अळीची पैज

शहरातले निम्मे म्हातारे ज्यांच्या कारागिरीवर हसतात, चावतात आणि सुनांशी भांडतात, त्या कवळीवाल्यांच्या स्वतःच्या घरात सासरेबुवा बोळक्या तोंडाने सूप पीत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कवळीवाले दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. डॉक्टर लोक पेशंटच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे आणि कवळीवाले त्यांवरून प्लास्टर, मेण नि ॲक्रिलिक घेऊन कवळ्या घडवायचे. कवळी छान बसली तर नाव डॉक्टरांचं व्हायचं आणि टोचली तर ती लॅबची असायची. त्यामुळे कवळीवाल्यांची जगाबद्दल आधीच थोडी तक्रार होती.

सासरेबुवांचे उरलेसुरले दात निघाले आणि ते मुलीकडे राहायला आले, तेव्हा कवळीवाल्यांनी आयुष्यातली सर्वांत उत्तम कवळी बनवली. दातांची ठेवण सासऱ्यांच्या जुन्या फोटोवरून घेतली. पुढचा एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवला, कारण मूळचा तसा होता. जावयाने सासऱ्यासाठी याहून जास्त काय करावं? सासरेबुवांनी कवळी लावली, आरशात पाहिलं, दुपारपर्यंत कशीबशी ठेवली आणि काढून डबीत घातली.

"काम छान आहे," ते म्हणाले. "पण खोटं ते खोटं. तोंडात कुणीतरी सामान ठेवायला दिल्यासारखं वाटतं."

त्या दिवसापासून सूप, दुधात भिजवलेला पाव आणि कुस्करलेला बटाटा. माणूस मूळचा धिप्पाड, बंदरावर मालाची चढउतार बघण्यात हयात गेलेली. बघता बघता त्यांचे शर्ट त्यांच्या अंगावर दुसऱ्याचे वाटू लागले. डॉक्टर म्हणाले, चावून खाल्लं नाही तर ताकद कुठून येणार. कवळीवाल्यांची बायको रोज सकाळी त्या डबीतलं पाणी बदलायची, डबी पुसून बेसिनवरच्या फळीवर ठेवायची आणि मग नळ सोडून थोडा वेळ तिथेच उभी राहायची. नळ कशाचा आवाज झाकायला सोडलाय हे कवळीवाल्यांना कळत होतं. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

पैज लागली ती वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांमुळे. विमावाले रोज संध्याकाळी कवळीवाल्यांकडे पेपर वाचायला यायचे. पेपर कवळीवाल्यांचा आणि चष्मा आपला, ही वाटणी त्यांना न्यायाची वाटे. त्या दिवशी त्यांनी मोठ्याने वाचलं की हल्ली लोक खाडीतला ब्रीम मासा रबराच्या अळीने पकडतात. खरं आमिष नाही, काही नाही. नुसतं रबर पाण्यात नाचवायचं.

सासरेबुवांनी चमचा खाली ठेवला. "अशक्य. उमेदीत मी खाडीवर गळ टाकून बसायचो. जिवंत किडा लावा, ताजी कोलंबी लावा, तरी ब्रीम आधी हुंगतो, मग विचार करतो, मग दुसऱ्या ब्रीमला विचारतो. पाण्यात त्याच्याइतका संशयी प्राणी नाही. त्याला रबर देता? त्याला कळतं."

"खोटी वस्तू नीट बनवली तर नाही कळत," कवळीवाले म्हणाले. ते काही अळीबद्दल बोलत नव्हते.

सासरेबुवाही अळीबद्दल बोलत नव्हते. "मग होऊन जाऊ द्या, जावईबापू. माझ्या डोळ्यांदेखत रबरी अळीने एक ब्रीम पाण्याबाहेर काढा. त्याच दिवशी मी तुमची कवळी लावतो, ती कायमची. दात गेले असतील माझे, शब्द गेलेला नाही."

आत स्वयंपाकघरात चालू असलेला नळ बंद झाला. आता कवळीवाल्यांना माघार घेणं शक्य नव्हतं. त्यांनी मासा आजवर फक्त ताटात पाहिला होता आणि पाणी फक्त बादलीत, पण ते ताठ बसून म्हणाले, "ठरलं."

दुसऱ्या दिवशी ते गळकाठ्यांच्या दुकानात गेले. ब्रीमसाठी सगळं हलकं लागतं, असं दुकानदाराने सांगितलं. काठी बोटाएवढी बारीक, रीळ मुठीत मावेल एवढं आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, केसासारखा, कारण जाड तंगूस ब्रीमला दिसतो. गळ म्हणजे शिशाचं इवलंसं डोकं असलेला आकडा. त्यात रबरी अळी ओवायची, लांब फेकायची, तळाला जाऊ द्यायची आणि मग काठीच्या टोकाने हलकेच दोन हिसके द्यायचे. मग थांबायचं. "खरी करामत थांबण्यात आहे," दुकानदार म्हणाला. कवळीवाल्यांना हे पटलं. प्लास्टर सुकेपर्यंत थांबण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"आणि रीळ काठोकाठ भरू नका," दुकानदार म्हणाला. "थोडी कड मोकळी ठेवा."

जिन्यात विमावाले भेटले. "कड मोकळी? कशाला? गच्च भरा हो. आयुष्यात कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो." कवळीवाल्यांनी रीळ गच्च भरलं. दुकानदाराचा आणि शेजाऱ्याचा सल्ला वेगवेगळा निघाला तर शेजाऱ्याचा घ्यायचा, कारण दुकानदाराला परत तोंड दाखवावं लागत नाही.

फेकण्याचा सराव गच्चीवर सुरू झाला. पहिली अळी टीव्हीच्या तारेवर बसली. दुसरी स्वतःच्या टोपीत बसली. तिसरी मात्र सुरेख गेली, कठड्यावरून थेट खाली अंगणात, आणि काठीला जिवंत वजन जाणवलं. कवळीवाल्यांनी दुकानदाराने शिकवल्याप्रमाणे काठीचं टोक वर उचललं आणि संथपणे रीळ फिरवलं. खाली सोसायटीचे सेक्रेटरी सभेला निघाले होते आणि आपली कॉलर मागून का ओढली जातेय हे त्यांना उमगत नव्हतं. तंगूस बारीक असल्यामुळे तुटला. सेक्रेटरी जांभळी अळी पाठीवर घेऊन सभेला गेले आणि पाणीटंचाईवर बराच वेळ बोलले. त्यांना सांगायचं कुणी, या प्रश्नावर मागच्या रांगेत कुजबुज झाली, पण एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'गच्चीवरून कोणीही कोणालाही पकडू नये.'

मग परवान्याची कटकट आली. खाडीच्या धक्क्यावर गळ टाकायला परवाना लागतो, आणि तो ज्या कचेरीत मिळतो तिथे खिडकीवर एक बाई बसतात. बाईंनी अर्ज पाहिला आणि पेन थांबवलं.

"आमिष जिवंत की मृत, ते लिहिलं नाही तुम्ही."

"रबरी आहे."

"तसा रकाना नाही. जिवंत की मृत?"

"मग मृत लिहा."

"म्हणजे आधी जिवंत होतं?"

"नाही हो. कधीच नव्हतं."

"मग मृत कसं?"

बाई साहेबांना विचारायला आत गेल्या आणि निवांतपणे परत आल्या. साहेबांचं म्हणणं असं होतं की जे जिवंत नाही ते सगळं मृतात धरावं. पण मृत आमिष धक्क्यावर नेताना ते ताजं असल्याचं अर्जदाराने लिहून द्यावं लागतं, नाहीतर दुर्गंधी सुटते. कवळीवाल्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं, 'सदर रबरी अळी ताजी आहे,' आणि खाली सही केली. आजवर त्यांनी खोट्यावर सही केलेली नव्हती. मग त्यांनी विचार केला तेव्हा लक्षात आलं की हे खोटंही नव्हतं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी सकाळी जावई आणि सासरे धक्क्यावर, असा नेम सुरू झाला. जावई उभे आणि सासरे घडीच्या खुर्चीवर. खुर्ची कवळीवाल्यांनीच वाहायची, कारण साक्षीदाराला कष्ट देणं बरं दिसत नाही. सासरेबुवा सुपाचा थर्मास मांडीवर घेऊन बसायचे आणि जावयाच्या प्रत्येक फेकीवर मत द्यायचे. "डावीकडे गेली." "फारच डावीकडे गेली." "ती आपली होडी नाही, जावईबापू, त्यांची आहे." एकदा गळ शेजारच्या गृहस्थांच्या डब्यात पडला. एकदा पुलाच्या खांबाला असा बसला की दोघांनी मिळून काठी ओढली आणि शेवटी पुलाचाच विजय झाला. धक्क्यावरचे लोक कवळीवाल्यांना पाहून आपापलं सामान मागे घेऊ लागले. कवळीवाल्यांनी दातओठ खाल्ले, पण काठी सोडली नाही. घरी गेल्यावर बायको दारातून दोघांच्या हातांकडे पाहायची, आणि ते पाहणं त्यांना रात्रभर टोचायचं.

पुढे पुढे अळी पाण्यातून वर यायची ती शेपटाशिवाय. म्हणजे मासा होता. येत होता, शेपूट कुरतडत होता, आणि संशय येऊन जात होता. "सांगितलं होतं," सासरेबुवा म्हणाले. "चाखतो आणि थुंकतो. खोटं ते खोटं."

दुसरा कुणी असता तर त्याने अळीचा रंग बदलला असता. कवळीवाल्यांनी तुटकी अळी खिशात घातली, लॅबमध्ये नेली आणि भिंगाखाली धरली. चाव्याचे ठसे त्यांना ओळखीचे वाटले. मग त्यांनी मासळीबाजारातून ब्रीमचं एक डोकं आणलं आणि त्याचा जबडा उघडून पाहिला. पुढे पकडायला सुळ्यांसारखे दात, आणि मागे, चक्क ओळीने, गोल गोल दाढा. अगदी माणसासारख्या. शिंपले फोडायला देवाने दिलेल्या त्या दाढा पाहून कवळीवाल्यांचे डोळे भरून आले. इतकी सुबक कामगिरी त्यांनी परक्याच्या तोंडात क्वचितच पाहिली होती. त्यांनी लगोलग ठसा घेतला, प्लास्टर ओतलं आणि ब्रीमच्या जबड्याचा साचा पेशंटांच्या साच्यांशेजारी सुकायला ठेवला. संध्याकाळी मोठे डॉक्टर लॅबमध्ये आले. त्यांनी साचा उचलून उजेडात धरला.

"दाढा उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पेशंटचं वय काय?"

तो साचा पाहता पाहता कवळीवाल्यांना उमगलं की माशाला रंगाची अडचण नव्हती, दाताखाली काय लागतं याची होती. बाजारातलं रबर चिवट होतं. ज्या म्हाताऱ्यांच्या हिरड्या फार नाजूक असतात, त्यांच्या कवळीच्या आतून लॅबमध्ये एक मऊ गुलाबी अस्तर लावतात. हिरडीला ते आपलंच मांस वाटतं. कवळीवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्या अस्तराच्या अळ्या ओतल्या. मऊ, लुसलुशीत, हिरडीच्या रंगाच्या. घाई एवढीच नडली की त्यांतली एक एका निवृत्त न्यायाधीशांच्या कवळीच्या डबीत गेली. न्यायाधीशांनी डबी उघडली, अळी पाहिली आणि ही तोंडात कुठे बसवायची म्हणून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी लॅबला केला. लॅबच्या मालकांनी कवळीवाल्यांना केबिनमध्ये उभं करून सांगितलं की कामात स्वतःचा हात कापून घेणाऱ्यांना आम्ही समजून घेतो, पण अळ्या करणाऱ्यांना घेणार नाही. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असं उभं केलं नव्हतं. ते मान खाली घालून बाहेर आले, आणि खिशातल्या बाकीच्या अळ्या नीट आहेत ना हे त्यांनी चाचपून पाहिलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ओहोटी नुकतीच लागली होती आणि पाणी खांबांना हलकेच चाटत होतं. सासरेबुवांना खुर्चीपर्यंत येताना दोनदा थांबावं लागलं. त्यांनी ते लपवायला समुद्रपक्षी दाखवले, पण कवळीवाल्यांना ते थांबणं दिसलं. आता ही नुसती गंमत राहिलेली नव्हती. त्यांनी गुलाबी अळी ओवली आणि फेकली. चक्क सरळ गेली. तळाला टेकू दिली. दोन हिसके दिले आणि थांबले. सासरेबुवा काहीतरी मत देणार होते, तेवढ्यात काठीचं टोक लवलं. आधी हळूच, विचारल्यासारखं, आणि मग एकदम.

"लागला," सासरेबुवा खुर्चीतून उठून म्हणाले. "टोक वर ठेवा. ओढू नका, त्याला जाऊ द्या. तंगूस बारीक आहे."

रीळ कर्रकर्र करत सुटलं. पाण्यात रुपेरी पाठ एकदा चमकली. ब्रीम होता, चांगला तळहाताहून मोठा ब्रीम. त्याने खांबाकडे धाव घेतली, कवळीवाल्यांनी त्याला वळवलं, तो परत जवळ आला, कवळीवाल्यांनी भराभर रीळ फिरवलं, आणि गच्च भरलेल्या त्या रिळाने ऐन वेळी घात केला. तंगुसाच्या वळ्या कडेवरून ओघळल्या आणि डोळ्यांदेखत त्यांचा गुंता झाला. रीळ फिरेना, तंगूस सुटेना. मासा आता एक धाव घेणार आणि केसासारखा तंगूस तटकन तुटणार, हे दोघांनाही दिसत होतं.

सासरेबुवा पुढे झाले. त्यांनी काठीच्या पुढे दोन्ही हातांनी तंगूस पकडला आणि माशाबरोबर देत घेत राहिले. "मी धरलाय. तुम्ही गुंता सोडवा."

कवळीवाल्यांनी गुंता सोडवायला घेतला. पण तंगूस ओला, सासरेबुवांची बोटं म्हातारी, आणि तो त्यांच्या हातातून सरकू लागला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग एका हाताने कोटाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून काहीतरी काढून तोंडात घातलं, आणि तंगूस दातांत पकडला.

दातांत.

ती कवळी खिशात कशी होती आणि कधीपासून होती, हे त्यांना विचारण्याची आजही त्या घरात कुणाची हिंमत नाही. कवळीवाल्यांनी मान वर केली आणि ते पाहतच राहिले. तंगूस त्या मुद्दाम वाकड्या बसवलेल्या दाताच्या खाचेत नेमका बसला होता. पलीकडून एक अख्खा ब्रीम ओढत होता आणि खालची कवळी, जी जगातल्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या तोंडात आधी उचलली जाते, ती जागची हलत नव्हती. वरची हलत नव्हती. चावा डावीकडून उजवीकडे सारखा मिळाला होता. उभ्या जन्मात कवळीवाल्यांनी आपलं काम असं चालताना पाहिलं नव्हतं. लोक कवळी घेऊन जात, आणि पुढचं सगळं त्यांच्या घरी होई. इथे ती त्यांच्या समोर, उन्हात, जिवंत वजनाखाली घट्ट उभी होती. ते काठी विसरले, गुंता विसरले, थोडे वाकून आणि डोकं तिरपं करून ते सासऱ्यांच्या तोंडात पाहू लागले.

सासरेबुवा भुवयांनी काहीतरी सांगत होते. कवळीवाल्यांना वाटलं ते हसताहेत.

मग तंगूस सैल पडला. ब्रीमने गळ झटकला होता आणि एकदा शेपूट दाखवून तो खोल पाण्यात गेला. टोकाला गुलाबी अळी तेवढी उरली. तिच्यावर दाढांचे स्वच्छ ठसे होते, चाखून थुंकलेले नव्हेत, पोटभर विश्वासाने चावलेले.

"सुटला," सासरेबुवा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून 'स' नीट उमटला होता. "हातचा गेला. काय बघत होतात तिकडे?"

"काही नाही, बाबा."

"मासा पाण्याबाहेर आला नाही. पैज मी जिंकली."

कवळीवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. तुमच्या तोंडात काय आहे ते बघा, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि इतक्या दिवसांच्या सगळ्या अपमानाचं उट्टं निघालं असतं. सेक्रेटरींची कॉलर, खिडकीवरच्या बाई, केबिनमधलं उभं राहणं, सगळं त्या वाक्यात आलं असतं. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, खुर्ची घडी करून काखेत मारली आणि म्हणाले, "हो. जिंकलात."

जिन्यात विमावाले उभे होते. सासरेबुवांनी त्यांना सगळी हकिकत खुलवून सांगितली, जावयाच्या गुंत्यासकट. विमावाले म्हणाले, रीळ अजून थोडं भरायला हवं होतं. सासरेबुवा मोठ्याने हसले आणि विमावाल्यांची नजर त्यांच्या तोंडावर खिळली. त्यांनी बोलायला बोट वर केलं, तेवढ्यात कवळीवाल्यांनी खुर्चीचा पाय त्यांच्या पायावर असा टेकवला की विमावाल्यांना पुढचं काही आठवलं नाही.

स्वयंपाकघरात बायको पाठमोरी उभी होती. "पाहिलंस?" कवळीवाले हळूच म्हणाले. "खिशात होती गं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमची पैज लागल्यापासून डबी रिकामीच आहे. मी नुसतं पाणी बदलत होते."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर त्यांनी परत आणून ठेवली असती." तिने डोळे पदराने पुसले. या वेळी नळ सोडायला तिला सुचलंही नाही.

बाहेर टेबलाशी सासरेबुवांनी टोपलीतलं अख्खं सफरचंद उचललं होतं. सुपाची वाटी त्यांनी बाजूला सारली होती, बहुधा नकळत. कचकन आवाज झाला. घरातले सगळे आपापल्या कामात असल्यासारखे दिसू लागले. कवळीवाल्यांनी पेपर उलटा धरला होता, पण तो सरळ करायला त्यांना धीर होईना.

"तरी मी म्हटलं होतं," सासरेबुवा चावता चावता म्हणाले. "खोट्याला कुणी फसत नसतं. हरलात ना, जावईबापू?"

"हरलो, बाबा," कवळीवाले पेपराआडून म्हणाले.

"मग ती टोपली इकडे सरकवा. हे फारच मऊ निघालं."